प्रकल्प अहवाल : उद्योजकाने स्वतः लिहायचा दस्तऐवज

लघुउद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या व्यक्तीकडे बँक किंवा जिल्हा उद्योग केंद्र जे कागद मागते, त्यांत प्रकल्प अहवाल हा सर्वांत महत्त्वाचा असतो. कोणती वस्तू किंवा सेवा कोणासाठी तयार करायची, ती कोठे आणि कशी तयार होणार, त्यासाठी किती पैसा लागणार, तो कोठून येणार आणि परत कसा फेडला जाणार, या प्रश्नांची आकड्यांसह दिलेली लेखी उत्तरे म्हणजे प्रकल्प अहवाल. व्यवस्थापनशास्त्रात यालाच व्यवसाय आराखडा म्हणतात. एवढ्या महत्त्वाचा हा दस्तऐवज अनेकदा अर्जदार स्वतः लिहीत नाही. अर्ज भरून देणारा मध्यस्थ जुन्या अहवालातले तक्ते उचलतो, त्यांत यंत्राच्या कोटेशनचा आकडा आणि नवे नाव घालतो, अर्जदार सही करतो आणि कर्ज मंजूर झाले की ती फाइल पुन्हा उघडली जात नाही. अशा अहवालाने कर्ज मिळू शकते, परंतु धंदा चालेल की नाही, हे मात्र त्यातून कोणालाच कळत नाही, आणि ज्याचे घरदार त्या धंद्यावर अवलंबून असते त्याला तर ते सर्वांत उशिरा कळते.

आराखडा लिहिण्याचे मुख्य कारण म्हणजे मनातली गृहीतके कागदावर उघडी पडतात. ‘माल चांगला आहे, खपेल’ हे वाक्य बोलताना खरे वाटते. पण महिन्याला किती किलो, कोणत्या दुकानदाराला, कोणत्या दराने आणि किती दिवसांच्या उधारीवर, असे चार रकाने आखले की त्यातले माहीत किती आणि मानलेले किती, हे लिहिणाऱ्यालाच दिसू लागते. भागीदार किंवा घरातली माणसे यांच्यात पुढे होणारे वादही पुष्कळदा अशाच न बोललेल्या गृहीतकांतून निर्माण होतात. बँकेला अहवाल लागतो, हे कारण खरे असले तरी ते दुय्यम आहे.

काजू प्रक्रियेचे उदाहरण

आराखड्याची अंगे एका प्रत्यक्ष उद्योगाच्या आधारे पाहिली तर अधिक स्पष्ट होतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्हे, कोल्हापूरचा चंदगड-आजरा परिसर आणि गोवा या पट्ट्यात काजू प्रक्रिया हा घरगुती आणि लहान उद्योगाचा एक मोठा आधार आहे. काजू बी उन्हात वाळवायची, वाफेवर उकडायची, कटरवर टरफल फोडून गर काढायचा, तो भट्टीत सुकवायचा, वरची तांबूस साल सोलायची, प्रतवारी करायची आणि हवाबंद पॅकिंग करायचे, अशी ही प्रक्रिया आहे. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नसून हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष अहवालात प्रत्येकाने आपल्या भागातले चालू दर घालणे आवश्यक आहे.

दिवसाला 100 किलो बी फोडणारे आणि वर्षाला 300 दिवस चालणारे एक युनिट समजू. त्याला वर्षाला 30 टन बी लागेल. बीचा दर किलोला 130 रुपये धरल्यास कच्च्या मालाचा खर्च 39 लाख रुपये होतो. 100 किलो वाळलेल्या बीमधून 25 किलो गर मिळतो असे मानले, तर वर्षाला 7,500 किलो गर तयार होईल आणि सर्व प्रतींचा सरासरी दर किलोला 750 रुपये मिळाला तर 56 लाख 25 हजार रुपयांची विक्री होईल.

या एका परिच्छेदात दर, उतारा, कामाचे दिवस आणि सरासरी विक्रीदर अशी चार मोठी गृहीतके आहेत. चांगला अहवाल यांपैकी प्रत्येकाला आधार देतो. विक्रीदराचेच पाहा. काजूगराची प्रत एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, किती गर मावतात यावर ठरते. डब्ल्यू 240 या प्रतीत ते 220 ते 240 असतात, तर डब्ल्यू 320 मध्ये 300 ते 320. गर जितका मोठा तितका भाव अधिक, आणि फोडताना पाकळी किंवा तुकडा झाला की भाव उतरतो. त्यामुळे ‘सरासरी 750’ हा आकडा केवळ बाजारभावावर अवलंबून नसतो. कोणत्या जातीची बी घेतली आणि कटरवर बसणाऱ्या कामगारांचा हात किती सरावलेला आहे, यावरही तो ठरतो. वेंगुर्ला 4 किंवा वेंगुर्ला 7 यांसारख्या जातींची बी आणि गावठी बी यांचा हिशेब म्हणूनच वेगवेगळा मांडावा लागतो. बाजारपेठेच्या प्रकरणात ‘काजूला मोठी मागणी आहे’ असे लिहिण्याऐवजी दहा दुकानदार, मिठाईवाले आणि घाऊक व्यापाऱ्यांना भेटून ते कोणती प्रत, कोणत्या महिन्यात, काय भावाने आणि किती उधारीवर घेतात याचा तक्ता जोडणे कितीतरी अधिक मोलाचे आहे.

नफा कोठून सुरू होतो

खर्चाचे दोन भाग करणे ही आर्थिक आराखड्याची पहिली पायरी होय. उत्पादनाबरोबर वाढणारा किंवा घटणारा तो बदलता खर्च आणि एक किलोही माल निघाला नाही तरी करावा लागणारा तो स्थिर खर्च. या उदाहरणात मजुरी, जळण, वीज आणि पॅकिंग मिळून प्रक्रियेचा खर्च एक किलो बीमागे 27 रुपये 50 पैसे आणि जागाभाडे, कायम पगार, विमा, व्याज व घसारा मिळून वर्षाचा स्थिर खर्च 6 लाख रुपये धरू. घसारा म्हणजे यंत्राची किंमत वापरामुळे दरवर्षी जेवढी कमी होते तेवढी रक्कम. ती खिशातून जात नाही, पण खर्चात धरावी लागते. एक किलो बीपासून 187 रुपये 50 पैशांचा गर मिळतो, त्यातून बीचे 130 आणि प्रक्रियेचे 27 रुपये 50 पैसे वजा केले की 30 रुपये उरतात. 6 लाखांचा स्थिर खर्च भरून निघण्यासाठी 20 टन बी फोडावी लागेल. हाच ना नफा ना तोटा बिंदू. त्यापुढच्या 10 टनांवर वर्षाचा 3 लाख रुपये नफा मिळेल.

हा हिशेब दिसायला समाधानकारक आहे आणि बहुतेक अहवाल येथेच थांबतात. खरी परीक्षा मात्र एखादे गृहीतक थोडे हलवल्यावर होते. हंगामात बाजारात येणारी बी पुष्कळदा ओलसर असते आणि वाळवल्यावर तिचे वजन घटते. ही घट 8 टक्के झाली, तर विकत घेतलेल्या 100 किलोंचे 92 किलो उरतील आणि त्यांचा 25 टक्के गर 23 किलोच भरेल. मग एक किलो बीपासून 172 रुपये 50 पैसे येतील, उरणारी रक्कम 30 रुपयांवरून 15 रुपयांवर उतरेल आणि ना नफा ना तोटा बिंदू 40 टनांवर, म्हणजे युनिटच्या क्षमतेच्याही पलीकडे जाईल. वर्षाच्या 3 लाखांच्या नफ्याऐवजी दीड लाखाचा तोटा होईल. खरेदीच्या वेळी बीचा ओलावा तपासणे आणि त्यानुसार दर ठरवणे, हे या उद्योगात यंत्राच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे, हा निष्कर्ष धंदा सुरू होण्यापूर्वी कागदावर निघतो, हे आराखड्याचे खरे श्रेय आहे.

नफा आणि रोख रक्कम

वर्षाअखेरीस नफा दाखवणारा उद्योगही मध्येच पैशाअभावी बंद पडू शकतो, कारण नफा आणि हातातली रोख रक्कम या भिन्न गोष्टी आहेत. कोकणात काजू बी प्रामुख्याने मार्च ते मे या काळात मिळते, तर गर वर्षभर विकला जातो. वर्षभराची बी या तीन महिन्यांतच घ्यायची, तर 39 लाख रुपये बीमध्ये अडकतील. त्यात तीन महिन्यांचा प्रक्रियेचा आणि इतर खर्च मिळवला आणि महिन्याच्या उधारीमुळे दोनच महिन्यांच्या विक्रीचे पैसे आले असे धरले, तर मेअखेरीस सुमारे 33 लाख रुपयांची गरज उभी राहते.

रोजच्या व्यवहारासाठी लागणाऱ्या या पैशाला खेळते भांडवल म्हणतात. रिझर्व्ह बँकेने 1991 मध्ये नेमलेल्या पी. आर. नायक समितीच्या शिफारशीवर आधारलेल्या पद्धतीनुसार लहान उद्योगाची ही गरज अपेक्षित वार्षिक विक्रीच्या 25 टक्के धरली जाते. त्यातले 20 टक्के बँक देते आणि 5 टक्के उद्योजक घालतो. 56 लाख 25 हजारांच्या विक्रीवर ही एकूण रक्कम सुमारे 14 लाख होते, म्हणजे गरजेपेक्षा 19 लाखांनी कमी. अशा वेळी हंगामी गरजेचा महिनावार तक्ता दाखवून बँकेकडे वेगळी मर्यादा मागणे, कमी बी घेऊन उरलेले महिने दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देणे, किंवा लहान आकारात सुरुवात करणे हे मार्ग उरतात. कोणताही मार्ग निवडला तरी तो मार्चपूर्वी निवडावा लागतो. म्हणूनच किमान पहिल्या वर्षाचे रोख प्रवाह पत्रक, म्हणजे दरमहा येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशाचा तक्ता, हा अहवालाचा गाभा मानला पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने खरेदीदारांवर घातले आहे. तरीही तक्त्यात व्यापारी प्रत्यक्षात जितके दिवस लावतात तितकेच धरणे शहाणपणाचे असते.

अनुदानाबाबतही असाच गैरसमज आढळतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गाला शहरी भागात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांना अनुक्रमे 25 आणि 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. परंतु ही रक्कम उद्योजकाच्या हातात येत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जखात्यात वळती होते. ज्या आराखड्यात पहिल्या हंगामाची बी अनुदानातून घेण्याचे गृहीत धरलेले असते, तो पहिल्याच मार्चमध्ये कोसळतो.

अहवाल कसा लिहावा

अहवालाची नेहमीची रचना सोपी आहे : प्रवर्तकाची माहिती व अनुभव, उत्पादन, बाजारपेठ, जागा व प्रक्रिया, यंत्रे व मनुष्यबळ, परवाने, प्रकल्पखर्च व पैशाचे स्रोत, पाच वर्षांचे आर्थिक अंदाज, आणि धोके व त्यांवरील उपाय. सुरुवातीला येणारा एक पानाचा सारांश मात्र सर्वांत शेवटी लिहावा. यंत्रांची किमान दोन-तीन कोटेशने घ्यावीत आणि विजेची जोडणी, पॅकिंग साहित्य, अन्नपरवाना, पहिल्या दोन-तीन महिन्यांतला वाया जाणारा माल यांसारखे सुटून जाणारे खर्च आठवणीने घालावेत. पहिल्या वर्षी पूर्ण क्षमतेने उत्पादन दाखवू नये. कामगारांचा हात बसायला वेळ लागतो. बँक अधिकारी कर्जफेड क्षमता गुणोत्तर पाहतात. निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज यांच्या बेरजेला त्या वर्षी फेडायच्या हप्ता व व्याजाने भागले की ते मिळते आणि सरासरी दीडच्या वर असावे, अशी साधारण अपेक्षा असते. हे गुणोत्तर पुरेसे येण्यासाठी विक्री फुगवण्याचा मोह टाळावा, कारण फुगवलेल्या विक्रीवर मिळालेल्या कर्जाचा हप्ता खऱ्या विक्रीतूनच भरावा लागतो.

सनदी लेखापालाची मदत जरूर घ्यावी; छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था यांचे प्रशिक्षणही उपयोगी पडते. तक्ते तज्ज्ञाने आखावेत, पण त्यांतला प्रत्येक आकडा कोठून आला हे उद्योजकाला तोंडपाठ असले पाहिजे. उद्योग सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहावा आणि फरक कशाने पडला ते नोंदवावे; दुसऱ्या वर्षाचा आराखडा या नोंदींतूनच तयार होतो. उद्योग उभारण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मध्यस्थाकडे जाण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी, आपली गृहीतके एकाखाली एक लिहावीत आणि त्यांतले प्रत्येक थोडे प्रतिकूल झाले तर काय होईल याचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडावा. हिशेब जमला नाही, तर प्रकल्पाचा आकार, वस्तू किंवा वेळ बदलावी. कर्ज घेण्यापूर्वी हा बदल करायला वहीच्या पानाखेरीज काहीही खर्च येत नाही.