देव झालो, पुढे काय?

संगणकावर देव होण्याचा खेळ इंग्लंडच्या पीटर मॉलिन्यू यांनी १९८९ मध्येच 'पॉप्युलस'मधून आणला होता. २००१ च्या 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये त्यांच्या लायनहेड कंपनीने फारच मोठी उडी घेतली. पडद्यावर आपला फक्त हात दिसतो. गावकऱ्यांचा विश्वास बसला तरच सत्ता वाढते, आणि एकच चमत्कार वारंवार दाखवला तर त्यांना त्याचे अप्रूप उरत नाही. आमच्या मंगळवार पेठेतही नवसाचा हिशेब लोक इतकाच चोख ठेवतात!

खरी करामत मात्र सोबतच्या महाकाय प्राण्यात आहे. कुरवाळले की केलेली गोष्ट तो पुन्हा करतो, चापट मारली की टाळू लागतो. रिचर्ड इव्हान्स यांनी रचलेली ही शिकवणी तालमीतल्या वस्तादालाही पटावी. अडचण अशी, की चापट नेमकी कशाबद्दल होती याचा प्राणी कधी कधी भलताच अर्थ लावतो.

आणि देवाचे काम काय, तर गावाला धान्य आणि लाकूड पुरवत बसायचे. मागण्या संपत नाहीत. देवाचा कोठीवाला होतो. भूमी एकूण पाचच. त्यातल्या तिसरीत तर मेहनतीने तयार केलेला प्राणीच कैदेत पडतो. ज्याच्यासाठी खेळ घ्यावा तोच असा काढून घेणे मला अजून खटकते.