काचेवरचा पांढरा डाग: आधी निदान, मग व्हिनेगर

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज विषय घरचाच आहे. खिडकीच्या काचेवरचे पांढरे डाग. हसू नका. या डागांनी मला ‘कंट्रोल’ म्हणजे काय ते शिकवलं, आणि त्याआधी माझ्या घरच्यांचे बरेच पैसे जवळजवळ बुडवले होते.

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मे महिन्यात सुट्टीला गेले तर सगळ्या काचा पांढुरक्या. इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे एकच उत्तर: पाणी जड आहे, व्हिनेगर लावा. लावलं. डाग गेला. मी वहीत लिहिलं, ‘डाग व्हिनेगरने जातो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे विहिरीचं पाणी जड.’ घरच्यांनी लगेच पाणी मऊ करायच्या यंत्राची चौकशी सुरू केली. आई तेवढी म्हणाली, “गे बाय, ह्यां मीठ आसा. जरा जिभेक लावन बघ, कळतला.”

माझ्या तर्कात चूक कुठे आहे, ते पुढे वाचण्याआधी एक मिनिट थांबून शोधा.

घरगुती व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड साधारण ४ ते ५ टक्के असतं. उरलेलं जवळपास सगळं पाणी! डाग ॲसिडने गेला की नुसत्या पाण्याने, हे मी तपासलंच नव्हतं. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर ठरत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून ताप कशाचा होता ते कळतं का? तसंच हे.

आता आपल्या किनाऱ्यावर पांढरा डाग पडायची कारणं कोणती, ते मांडू.

पहिलं, जड पाणी. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. काचेवर पाणी सुकताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पण आपल्याकडचा जांभा पावसाने शतकानुशतकं धुतलेला दगड आहे. त्यात कॅल्शियम फारसं उरलेलं नाही, त्यामुळे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊच असतं. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू असेल तिथे गोष्ट वेगळी, कारण शिंपला म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट.

दुसरं, खारा वारा. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात, काचेवर सुकतात आणि मीठ उरतं. याची एक खूण आहे. मिठाला हवेतला ओलावा लागतो. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी धरतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याही आधी ओलसर होतं. म्हणून असा डाग सकाळी चिकट लागतो आणि दुपारी पांढरा दिसतो. कार्बोनेटचा डाग दिवसभर जसाच्या तसा.

तिसरं, छज्जा. नव्या सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पावसाच्या पाण्यात उतरतं, काचेवर ओघळतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतं. म्हणजे कार्बोनेट आहे, पण विहिरीचा त्याच्याशी काही संबंध नाही!

‘पण समुद्राचं पाणी विहिरीत शिरत असेल तर?’ चांगला प्रश्न. देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर तो विचारायलाच हवा. हिशेब करू. समुद्राच्या पाण्याचा जडपणा ढोबळमानाने ६,३०० मिलिग्रॅम प्रति लिटर, क्लोराइड सुमारे १९,०००. विहिरीत २ टक्के समुद्र मिसळला तर जडपणात भर पडते सुमारे १२६ ची आणि क्लोराइडमध्ये ३८० ची. क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा आहे २५०. म्हणजे समुद्रामुळे पाणी जड व्हायच्या आधी ते चवीला खारट लागू लागेल. आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, त्यामुळे हे कारण बाद. समुद्र शेजारी आहे म्हणून पाणी खारं असेलच, असंही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव चारी बाजूंनी समुद्र असून गोड्या पाण्याच्या आहेत.

आता चाचणी. एकाच काचेवर सारख्या आकाराचे तीन चौकोन ठरवा. पहिल्यावर फक्त कोरडं फडकं. दुसऱ्यावर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. तिसऱ्यावर व्हिनेगर. तिन्हीकडे फडकं त्याच प्रकारचं, वेळ तेवढाच, हात तेवढेच वेळा फिरवायचा. डाग पाण्यानेच गेला तर मीठ. पाण्याने न जाता व्हिनेगरने गेला तर कार्बोनेट. जाड थर असेल तर बुडबुडेही दिसतील. दोन्हींनी गेला नाही तर बहुधा काचच खरवडली किंवा झिजली आहे, मग घासून उपयोग नाही. डाग कुठे आणि कसा आहे, हेही लिहून ठेवा: समुद्राकडच्या काचेवर सारखा पसरलेला थर, वरून खाली आलेले ओघळ, की पाइपच्या उडालेल्या पाण्याचे ठिपके?

मी हे दुसऱ्या दिवशी केलं. समुद्राकडच्या काचा नुसत्या पाण्याने स्वच्छ झाल्या. आईचं बरोबर होतं. मागच्या खिडकीवरचे ओघळ मात्र पाण्याला दाद देईनात, व्हिनेगरने गेले. वर पाहिलं तर दोन वर्षांपूर्वी घातलेला छज्जा. विहिरीचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं आणि ईडीटीए टायट्रेशन केलं: पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, रंग लालसर ते निळा. (५० मिलिलिटर नमुना आणि ०.०१ मोलर द्रावण असेल तर लागलेले मिलिलिटर गुणिले २० म्हणजे जडपणा.) रंग लगेच बदलला. पाणी मऊ. घरी फोन करून यंत्र रद्द करायला सांगितलं. ते आलं असतं तर दोन्ही डाग तसेच राहिले असते, कारण एक वाऱ्याने येत होता आणि दुसरा छपराखालून.

आता काढायचं कसं? आधी भरपूर गोडं पाणी ओता, म्हणजे मीठ आणि वाळूचे कण वाहून जातील. कोरडं घासलंत तर वाळूने काचेवर चरे पडतात. काथ्या आणि राखही नको. कार्बोनेट उरलं तर व्हिनेगरचं फडकं पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग धुवा. ते ॲल्युमिनियमच्या चौकटीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर राहू देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड तर वापरूच नका, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

चिंच, बिंबल, आगळ का नाही? तांब्या-पितळेवर चिंच चालते, पण तिथे काम वेगळं असतं, धातूचा ऑक्साइड काढायचं. इथे कॅल्शियम आहे. बिंबलातल्या ऑक्झॅलिक ॲसिडने कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. चिंचेतल्या टार्टारिक ॲसिडचंही जवळपास तसंच. आणि आगळात तर मीठच घातलेलं असतं! कॅल्शियम ॲसिटेट सहज विरघळतं, म्हणून व्हिनेगर.

डाग पडूच नयेत म्हणून: वाऱ्याच्या दिवसांत आठवड्याला एकदा काचा पाण्याने धुवून लगेच पुसा, तेही सकाळी. दुपारी पाणी पुसायच्या आधीच सुकतं. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेजवळ खाच ठेवायला गवंड्याला सांगा, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता तिथूनच खाली पडेल. झाडांना पाणी घालताना पाइप काचेपासून लांब धरा.

आणि तुमच्या प्रबंधासाठी: ‘आम्ही अमुक केलं आणि परिणाम दिसला’ असं वाक्य लिहिलंत की शेजारी पेन्सिलने लिहा, ‘नुसत्या पाण्याने काय झालं असतं?’ उत्तर नसेल तर प्रयोग अजून संपलेला नाही. आईचं म्हणणंही वहीत लिहायचं, गृहीतक क्रमांक एक म्हणून. मी ते लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय.