शाळा सुटल्यावर मुलं कुणाकडे? धंद्याच्या प्लॅनमधला विसरलेला रकाना



आमच्या एका बॅचला एक ताई होत्या. लग्नाआधी त्यांचं शिवणकाम जोरात चालायचं. मुलं झाली आणि मशीनवर कापड पडलं ते सहा-सात वर्षं. धाकटा पहिलीत गेला तसा त्यांनी गल्लीच्या तोंडाशी गाळा घेतला. डिपॉझिट, भाडं, दोन मशीन, अस्तराचा माल, सगळं वहीत नीट लिहिलेलं. तीन महिन्यांनी फोन आला, "सर, गाळा सोडला."

मी विचारलं, "का हो ताई, गिऱ्हाईक नव्हतं का?"

"गिऱ्हाईक भरपूर होतं सर. मीच नव्हते."

शाळा सुटायची एक वाजता. ताई शटर ओढून पळायच्या. मुलांना आणा, जेवू घाला, अभ्यासाला बसवा. परत यायला कधी दोन, कधी साडेतीन. आलेली बाई बंद शटर बघून पुढच्या टेलरकडे जायची. त्यात दिवाळीची सुट्टी लागली, ऐन सीझनमध्ये मुलं दिवसभर घरी. कबूल केलेले ब्लाउज वेळेवर गेले नाहीत आणि नाव खराब झालं.

चूक माझीही होती. त्यांचा प्लॅन मी तपासला होता. भाड्याचा रकाना पाहिला, मुलांचा रकाना आहे का हे विचारलंच नाही. म्हणून आज हा विषय.

आधी दिवस मोजा

नोकरदार आईसाठी कायद्यात थोडी तरी सोय आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय लागते. आपल्या एकटीच्या गाळ्याला हे लागू नाही, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रश्न तर त्यानेही सुटत नाही. आपली सोय आपणच करायची.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरावी लागते. समजा, तुमची शाळा २२० दिवस भरते. रविवार सोडले तर वर्षात ३१३ दिवस उरतात. सणावारी दुकान १३ दिवस बंद धरा, राहिले ३००. म्हणजे ८० दिवस असे, की दुकान उघडं आणि मूल घरी! रोजची दुपार सगळ्यांच्या लक्षात येते, हे ८० दिवस कुणी धरत नाही.

शाळेची वेळ मात्र आजची विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यानंतर वेळा बदललेल्या असू शकतात. मोठ्या मुलाच्या जुन्या वेळेवर धाकट्याचा हिशोब मांडू नका.

पर्याय कोणते?

१. आजी-आजोबा. सगळ्यात भरवशाचे. पण "आहेत की घरी" असं गृहीत धरू नका. त्यांची औषधं, दुपारची झोप, गावी जाण्याचे दिवस विचारा. आठवड्यातून एक दिवस त्यांना मोकळा द्या.

२. शेजारच्या काकू. पैसे पहिल्या दिवशीच ठरवा. "बघू नंतर" म्हटलं की नातंही बिघडतं आणि सोयही जाते.

३. पाळणाघर. मोठी मुलं घेतात का, शाळेतून कोण आणतं, सुट्टीत दिवसभर ठेवतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा. भरल्या वेळी, न सांगता एकदा जाऊन या.

४. आळीपाळी. एकाच वर्गातल्या तीन-चार पालकांनी वार वाटून घ्यायचे. पैसा लागत नाही, शिस्त लागते.

५. दुकानातच कोपरा. तास-दोन तास ठीक. पण मशीन, इस्त्री, कात्रीपासून लांब. आणि मुलाला गल्ल्यावर बसवायचं नाही, त्याला अभ्यास आणि खेळ दोन्ही हवेत.

कुठलाही पर्याय निवडा, दुसरा तयार ठेवा. काकू आजारी पडल्या तर कोण? त्या माणसाचं नावही शाळेत लेखी देऊन ठेवा. मुलाला तुमचा नंबर तोंडपाठ हवा, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही माहीत हवी. "तिथे तुला कसं वाटतं?" हे दर आठवड्याला विचारा. मूल जायला नको म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका, कारण शोधा.

खर्च भावात धरा

समजा, दोन मुलांचे महिन्याला ५,००० रुपये लागतात आणि तुम्ही १०० ब्लाउज शिवता. म्हणजे एका ब्लाउजमागे ५० रुपये. हे शिलाईत धरले नाहीत तर ते तुमच्या मजुरीतून जातात. आता उलटं बघा. दुपारी शटर खाली म्हणून रोज एकच ३०० रुपयांचं काम परत गेलं, तर २५ दिवसांत ७,५०० रुपयांचं काम गेलं. फुकटची सोय नेहमी स्वस्त पडतेच असं नाही.

आणि बॅचमधल्या दादांनो, हा रकाना आईचा नाही, पालकांचा आहे. आठवड्यातले दोन दिवस शाळेतून आणण्याचं काम तुमच्या नावावर लिहा.

ताईंचं पुढे काय झालं?

त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पुन्हा सुरुवात केली. दाराला पाटी लावली: "दुपारी १ ते ३ बंद". पुण्यात हे नवीन नाही म्हणा! गिऱ्हाईक वाट बघतं, फक्त त्याला वेळ माहीत हवी. सुट्ट्यांसाठी त्यांनी काकू ठरवल्या आणि दिवाळीच्या ऑर्डरी मोजून घेतल्या. धंदा पूर्वीपेक्षा लहान आहे, पण चालू आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: शाळेचं सुट्ट्यांचं कॅलेंडर आणा. दुकानाचे दिवस त्याच्या शेजारी लिहा. प्रत्येक रिकाम्या दिवसापुढे एका माणसाचं नाव टाका. नाव सापडत नसेल तर गाळ्याचं डिपॉझिट अजून देऊ नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!