उत्प्रवास परवानगी
उत्प्रवास परवानगी ही दहावी उत्तीर्ण नसलेल्या भारतीय नागरिकास सौदी अरेबिया, कतार, कुवेत यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सामान्यतः घ्यावी लागणारी शासकीय अनुमती होय. तिचा आधार उत्प्रवास अधिनियम, १९८३ हा आहे. संबंधित देशाने दिलेला कामाचा परवाना तिची जागा घेत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अर्जदारांचे पारपत्र पुणे प्रादेशिक कार्यालयाकडून मिळते. ही परवानगी मात्र ई-मायग्रेट संकेतस्थळाद्वारे घ्यावी लागते. भरती एजंटाची नोंदणीही तेथे पडताळता येते. नोंदणीकृत एजंटास कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. पर्यटक व्हिसावर कामासाठी गेलेला कामगार या नोंदीबाहेर राहतो. प्रवासी भारतीय बीमा योजनेचे १० लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षणही त्यास मिळत नाही.