आकाश शटरचं, चेहरा फ्लॅशचा

बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: "संध्याकाळी आकाश भारी येतं, पण माणूस काळा पडतो. फ्लॅश मारला की माणूस दिसतो, पण पासपोर्टचा फोटो वाटतो. करायचं काय?" तर आज त्यावरच बोलू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत दोन एक्स्पोजर एकमेकांवर बसलेली असतात: एक उपलब्ध उजेडाचं, एक फ्लॅशचं. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. शटर १/६० ठेवा नाहीतर १/१२५, फ्लॅश तेवढाच पोचतो. आकाशाचा उजेड मात्र शटर उघडं असेपर्यंत आत येत राहतो. म्हणून शटर आकाश सांभाळतं, फ्लॅशची पॉवर चेहरा सांभाळते. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांवरही परिणाम करतात.

मी काय करतो सांगतो. आधी फ्लॅश बंद. फक्त आकाशाकडे बघून सेटिंग लावतो, समजा एफ/४, १/१२५, आयएसओ २००. आकाश डोळ्यांना दिसतं त्याहून किंचित गडद हवं. माणूस काळा दिसतोय? दिसू दे. मग फ्लॅश १/८ पॉवरवर चालू करून चेहरा बघतो. कमी वाटला तर पॉवर वाढवतो, आकाशाला हात लावत नाही. शटर मात्र कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या पुढे नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. त्यापुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश पडतो तेव्हा शटरचा पडदा सेन्सरचा काही भाग झाकून असतो.

आता पासपोर्ट लूक का येतो? फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की उजेड समोरून सपाट पडतो, सावलीच उरत नाही. तो काढून साधारण ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर न्या आणि पांढऱ्या छत्रीतून मारा. छत्री जितकी जवळ, तितकी सावली मऊ. अंतराचा हिशोबही लक्षात ठेवा: १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. आणि मावळतीचा उजेड नारिंगी असतो, फ्लॅश पांढरा. त्यावर नारिंगी जेल लावली की चेहरा त्या संध्याकाळचाच वाटतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लग्नाचे अल्बम उघडा. सावळी नवरी फोटोत अचानक गोरी झालेली दिसते. थोडं एडिटिंग, थोडा जास्तीचा फ्लॅश. पण कॅमेऱ्याचं मीटरही निरागस नाही. ते समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतं, म्हणून फ्रेमभर सावळा चेहरा असला की तो उजळ करून टाकतं. अशा वेळी एक्स्पोजर थोडं खाली आणा, उजेडाचा स्रोत मोठा करा आणि बाजूने आणा. कपाळावर, गालाच्या हाडावर जी मऊ चकाकी येते ना, त्यातून चेहऱ्याला आकार येतो. आईचा फोटो बघून आईला "ही मीच" असं वाटलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

"दादा, आमच्याकडे फक्त फोन आहे!" चालेल की. ट्यूबलाइट बंद करा, घरातल्या कुणाला तरी खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकीला बाजू करून बसवा. दुसऱ्या बाजूला थर्माकोल किंवा पांढरी चादर धरा. स्क्रीनवर चेहऱ्याला टॅप करा आणि एक्स्पोजरची पट्टी जरा खाली ओढा. रात्री दुसऱ्या फोनचा टॉर्च बटर पेपरच्या मागून धरा. हा उजेड सतत चालू असतो, त्यामुळे शटरची वरची युक्ती इथे लागू होत नाही. पण बाजू, उंची आणि अंतर यांचा सराव फुकटात होतो.

या आठवड्याचं होमवर्क: एकच माणूस, एकच खिडकी, पाच वेगवेगळे कोन. पाचही फोटो त्या माणसाला दाखवा आणि आवडता त्यालाच निवडू द्या. भेटू पुढच्या भागात!