राजाचा चेहरा जपताना

आमच्या नांदगावच्या बाजूला दशावतार रात्रीच रंगतो. घरी चित्रण पाहावं तर राजाचा चेहरा काळवंडलेला. मग आपण संगणकावर उजेड वाढवतो. इथंच घात होतो. साध्या ८ बिटच्या चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या. अंधारातल्या मोजक्या पायऱ्या ताणल्या, की गालावर पट्टे उमटतात. पांढराफटक पडलेला भाग तर परत येतच नाही. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिटची सोय असेल तर ती निवडा, सारे बदल करून शेवटी एकदाच नवी प्रत काढा. प्रतीची प्रत दाबत गेलं, की तपशील झिजतो. थकलेला नट पुन्हा उभा राहील, न राहील. त्याचा चेहरा त्या मूळ फाइलीतच आहे.