वऱ्हाडच्या उन्हात लव्हेंडर

गेल्या काही वर्षांत जांभळ्या फुलांच्या लांबच लांब रांगांचे फोटो मोबाइलवर इतके फिरले, की अमरावती-अकोल्याच्या घरांतूनही "आपल्या अंगणात लव्हेंडर येईल का?" असा प्रश्न विचारला जाऊ लागला. वर्गातल्या मुलीही विचारतात. बियांची पाकिटे मागवली जातात, कुंडीत पेरली जातात आणि बहुतेक ठिकाणी मे महिन्यापर्यंत सारे वाळून जाते. मग "आपल्याकडे काही येत नाही" म्हणून कुंडी उलटी करून ठेवली जाते. आपल्याकडे बरेच काही येते. मात्र झाडाचा स्वभाव आणि आपली माती, ऊन, पाणी यांचा मेळ घालावा लागतो.

ओळख जुनीच आहे

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना 'लव्हेंडर' हे नाव परके वाटेल, पण 'उस्तुखुद्दूस' म्हटले की अनेकींना ओळख पटेल. नजला आणि जुनाट डोकेदुखी यांवर युनानी हकीम जे 'इतरिफल उस्तुखुद्दूस' देतात, त्याला नाव देणारी ही वनस्पती लव्हेंडरचीच एक जात आहे. हकीम मंडळी तिला 'जारूब-ए-दिमाग', म्हणजे मेंदूचा झाडू, म्हणत आली आहेत. अर्थात कुंडीतली पाने औषध म्हणून खाऊ नयेत. औषध हकिमाच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

तुळस, पुदिना, मरवा आणि सब्जा ही लव्हेंडरची भावंडे. सब्जालाच आपण रेहान म्हणतो. सूरह रहमानमध्ये सुगंधी वनस्पतीसाठी हाच शब्द आला आहे. मुलांना या कुटुंबाची एक खूण जरूर दाखवा. पुदिन्याची किंवा तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवली, की ती गोल न लागता चौकोनी लागते. लव्हेंडरचेही तसेच. दख्खनच्या माळरानावर पावसाळा सरताना फुलणारी 'घोडेघुई' हीसुद्धा लव्हेंडरचीच रानटी बहीण आहे.

आपल्या देशात लव्हेंडरची मोठी शेती होते ती जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या डोंगरात. केंद्र सरकारच्या 'अरोमा मिशन'मुळे तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी मका सोडून लव्हेंडर लावले आणि त्याला 'जांभळी क्रांती' असे नाव पडले. ते फोटो तिथले किंवा फ्रान्समधले असतात. तिथे बर्फ पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून इथे शेताची स्वप्ने न बघता एका कुंडीपासून सुरुवात करावी.

कुंडी, माती आणि ओल

लव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या खडकाळ, कोरड्या, चुनखडीच्या जमिनीतले. त्याच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. आपली काळी कपाशीची माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती एकटी कधीही वापरू नये. एक भाग बागेची माती, एक भाग जाड रेती किंवा बारीक मुरूम आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कुंडी मातीचीच घ्यावी, तिच्या तळाला भोक असावे आणि खाली ताटली ठेवू नये.

बियांपेक्षा रोप बरे. बी उगवायला तीन-चार आठवडेही लागतात आणि तोवर घरातल्यांचा धीर सुटतो. रोप आणताना नर्सरीत जात विचारून घ्यावी. इंग्लिश लव्हेंडरला कडक थंडी लागते. कातरलेल्या कडांच्या पानांचे फ्रेंच लव्हेंडर उष्णता जरा अधिक सोसते. लावण्याची वेळ म्हणजे पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर. वऱ्हाडची थंडी कोरडी, ऊन कोवळे आणि रात्री गार. हे तीन-चार महिने त्याला मानवतात. रोज पाच-सहा तास ऊन द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे आणि आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी.

फुले आली की दांड्यावरची थोडी फुले उमलताच, सकाळचे दव सुकल्यावर तुरे कापावेत. जुडी बांधून सावलीत उलटी टांगावी. ती वाळली की मलमलच्या पुरचुंडीत घालून कपड्यांच्या पेटीत ठेवावी. ईदच्या कपड्यांना मंद वास राहतो. बहर संपल्यावर हिरवा शेंडा एक तृतीयांश छाटावा, जुन्या लाकडी फांदीपर्यंत जाऊ नये.

मार्चपासून कुंडी पूर्वेच्या भिंतीशी आणावी, म्हणजे सकाळचेच ऊन मिळेल. दुपारसाठी तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा छोटा मांडव पुरतो. पावसाळ्यात ती पडवीत, सज्जाखाली ठेवावी. एवढे करूनही काही रोपे जातील, म्हणून थंडी सरण्याआधी तीन-चार कोवळ्या काड्या ओलसर रेतीत खोचून ठेवाव्यात.

पाण्याचा हिशेब

अकोल्यात नळ रोज येत नाही, हे तिथल्या गृहिणीला सांगायला नको. ज्या घरी पिण्याचे पाणी पिंपात जपून ठेवावे लागते, तिथे शोभेच्या झाडांना पाणी घालणे हा खरोखरच विचार करण्याजोगा प्रश्न आहे. नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण. म्हणून बाग अशी लावावी, की तिच्यासाठी वेगळी बादली भरावी लागू नये.

घरात चार-पाच माणसे पाच वेळा वजू करतात, ते सारे पाणी मोरीतून वाहून जाते. वजूच्या जागी एक पसरट टब ठेवला, तर त्यात साबण नसलेले पाणी जमते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही चालते. मात्र दोन पाण्यांपासून सावध राहावे. आरओ मशिनमधून वाया जाणाऱ्या आणि कूलरच्या टाकीत तळाला उरणाऱ्या पाण्यात क्षार साठलेले असतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरी-बोअरचे पाणीच खारे. असे पाणी सतत दिले, तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोके करपतात. तिथे पावसाचे पाणी साठवून ठेवणे उत्तम.

शेजारी कोणाला बसवावे?

एकट्या लव्हेंडरवर बाग होत नाही. कडेला मेहंदीचे कुंपण करावे. उन्हाला ती डरत नाही आणि तिच्या फुलांचा वास ज्यांनी घेतला त्यांना हिना अत्तराचे कारण सांगावे लागत नाही. मोगरा तर उन्हाळ्यातच बहरतो. बोगनवेल आणि सदाफुली थोड्या पाण्यात भागवतात. गुलबक्षी, म्हणजे आपली गुल-ए-अब्बास, असरनंतर उमलते. लव्हेंडर थंडीतला पाहुणा आणि ही घरची माणसे, असे धरले म्हणजे अंगण बाराही महिने सुने राहत नाही.

या कामात घरातल्या सगळ्यांना वाटा द्यावा. ज्यांच्या गुडघ्यांना बाहेरची चाल झेपत नाही, त्या दादी-नानींना कुंडीतली माती हलवण्याचे काम आवडते. मुलांकडे वजूचा टब रिकामा करण्याची पाळी द्यावी. ज्या बाईचा दिवस चुलीपासून शिलाई मशिनपर्यंत जातो, तिला संध्याकाळची दहा मिनिटे स्वतःची मिळतात. ही चैन नाही, आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी मागावी असेही काही नाही.

सुगंधी वनस्पती कोणी देऊ केली तर नाकारू नये, कारण ती उचलायला हलकी आणि वासाला चांगली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. तेव्हा रेतीत खोचलेल्या काड्यांना मुळे फुटली की एक काडी स्वतःला ठेवा आणि बाकीच्या शेजारणींना द्या. यंदा तुमचे रोप उन्हाळ्यात गेले, तरी पुढच्या ऑक्टोबरात त्यांच्या घरून एक काडी परत मागता येईल.